वळविलेले फोल्डर आणि मागे राहिलेली जागा

कार्यालयातील संगणकाच्या पडद्यावर ‘माय डॉक्युमेंट्स’ हे नाव दिसले की, त्यातील कागद त्याच यंत्रात आहेत असा वापरणाऱ्याचा साहजिक समज होतो. पुष्कळ कार्यालयांत २००० सालापासून हा समज खरा राहिला नाही. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टने विंडोज २००० ही प्रणाली विक्रीस आणली व तीत ‘फोल्डर रीडायरेक्शन’, म्हणजे फोल्डर वळविण्याची सोय दिली. नाव होते तेथेच राही. नावामागची जागा मात्र व्यवस्थापकाच्या एका आज्ञेने दूरच्या सर्व्हरवर जाई.

कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत १९८३ साली सुरू झालेल्या अथेना प्रकल्पात विद्यार्थ्याने कोणत्याही यंत्रापाशी बसावे व सर्व्हरवरील आपल्या फाइली उघडाव्यात, अशी योजना होती. विंडोज एनटीने निराळा मार्ग धरला. त्यात वापरणाऱ्याचे सारे बिऱ्हाड कामाच्या आरंभी सर्व्हरवरून यंत्रात उतरवावयाचे व जाताना परत पाठवावयाचे. बिऱ्हाड वाढले की प्रवेशास विलंब होई. फोल्डर वळविणे हा ह्या ओझ्यावरचा उतारा होय.

उताऱ्याबरोबर नवे दोष आले. मूळ योजनेत वळविलेल्या फोल्डरवर केवळ त्या वापरणाऱ्याचा हक्क राहील, अशी निवड आधीच केलेली असे. परिणामी दुरुस्तीस आलेल्या व्यवस्थापकालाच दार बंद! २००१ च्या विंडोज एक्सपीत जाळ्याची वाट न पाहता प्रवेश देण्याची पद्धत आली. त्यामुळे वळवणूक पहिल्या प्रवेशात न होता दुसऱ्या प्रवेशात होई, आणि हे ज्याला ठाऊक नसे तो बिनचूक आज्ञेत चूक शोधीत बसे.

तथापि सर्वांत घातक प्रश्न जुन्या जागेचा होता. नाव वळविताना आतील फाइली नव्या जागी हलवावयाच्या की नाहीत, ही निवड स्वतंत्र होती. न हलविल्यास फाइली जुन्या जागी राहत, पण त्या नावाने तेथे कोणी पोचत नसे. वापरणाऱ्याच्या लेखी त्या हरवलेल्याच.

ह्याचे गांभीर्य २०१८ साली दिसले, आणि तेही सर्व्हरवर नव्हे, तर एकेकट्या यंत्रांवर. काहींनी आपले फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर किंवा वनड्राइव्हकडे वळविले होते. फाइली मात्र मूळ जागीच होत्या. त्या वर्षीच्या वसंतातील आवृत्तीनंतर एकाच नावाची रिकामी फोल्डरे दुहेरी दिसतात अशी तक्रार आली. ती फोल्डरे काढून टाकण्याची सूचना २ ऑक्टोबरला निघालेल्या विंडोज १० च्या १८०९ ह्या आवृत्तीत घालण्यात आली. जुनी जागा म्हणजे रिकामी जागा, असे गृहीत धरले गेले असावे. फाइली पुसल्या गेल्या आणि काही दिवसांतच वितरण थांबवावे लागले. अशा तक्रारींचे प्रमाण दहा हजारांत एक एवढेच असल्याचे कंपनीने ९ ऑक्टोबरला सांगितले. ज्याचे कागद गेले त्याला ह्या हिशेबाचे समाधान ते काय! पूर्वपरीक्षकांपैकी काहींनी हा दोष वितरणापूर्वीच कळविला होता, पण इतर तक्रारींच्या ढिगात तो दुर्लक्षित राहिला. पुढे तक्रार नोंदविताना तिची तीव्रता सांगण्याची सोय करण्यात आली, आणि १३ नोव्हेंबर २०१८ रोजी ती आवृत्ती पुन्हा वितरणास निघाली.