घडीचा हिशेब

वाळूजला 1985 साली बजाजचा कारखाना सुरू झाला आणि पाठोपाठ पत्र्याचं जॉबवर्क करणारी शेडं उभी राहिली. रेल्वे स्टेशन आणि चिकलठाण्याच्या एमआयडीसीत कारखाने आधीपासून होते. पण आमच्या छत्रपती संभाजीनगर शहराच्या हाताला पत्र्याचं वळण लागलं ते दुचाकी आणि रिक्षांमुळे. मी तेव्हा प्रेस ब्रेकवर, म्हणजे पत्र्याला घडी घालणाऱ्या मशीनवर, हेल्पर होतो.

उस्तादांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "पन्नास-पन्नासचा एल करायचाय. पत्रा किती कापशील?" मी म्हणालो, शंभर. त्यांनी एक मिलिमीटरचा पत्रा वाकवून माझ्या हातात व्हर्निअर दिला. एक बाजू पन्नास, दुसरी जवळपास बावन्न. "वाकताना पत्रा ताणतो रे. तेवढा आधीच वजा कर." म्हणजे कापायचा 98.2.

2001 साली तैवानच्या व्हीआयए कंपनीने मिनी-आयटीएक्स हा कॉम्प्युटरचा छोटा मदरबोर्ड आणला, 170 बाय 170 मिलिमीटरचा. पसरलेल्या पंजाएवढा. त्याच्या मापाची पेटी एक-दोन नग बनवून द्यायला मात्र आमच्याकडे कोणी तयार झालं नसतं. दर भोकाला पंच आणि डाय लागायची, आणि डायचा खर्च हजारो नगांवर वाटला तरच परवडायचा. पुढे लेझर कटिंग आलं आणि एका नगाचं कामही घेता येऊ लागलं. माझ्या मते छोट्या पेटीचा आमच्याकडचा इतिहास लेझरपासून सुरू होतो.

पुतण्यासाठी मी नऊ लिटरची पेटी केली. या पेट्यांचा आकार लिटरमध्येच सांगतात. मोठ्या टॉवरमध्ये मिलिमीटरभर इकडेतिकडे खपून जातं. इथे चार घड्यांत प्रत्येकी 0.2 ची चूक साचली की बोर्डाची तोंडं मागच्या 158.75 बाय 44.45 च्या खिडकीसमोर येत नाहीत. घडीला चिकटून जाळी घेतली तर भोकं लांबट होतात, आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात जाळी कमी करून चालत नाही.

घड्या बरोबर आल्या, तरी पहिली पेटी अडली. पावडर कोटिंगच्या भट्टीतून आली तेव्हा मागच्या बाजूच्या कार्डाच्या खाचेच्या दोन्ही कडांवर सत्तर-सत्तर मायक्रॉनचा थर होता, एम3 स्क्रूच्या आट्यांत पावडर भरलेली. कार्डाची पट्टी बसेना. खाच कानसली, टॅप पुन्हा फिरवला. दुसऱ्या पेटीची खाच आधीच वाढवून कापली आणि आट्यांना सिलिकॉनची बुचं लावली.

लेझरला ड्रॉइंग दिलं की तो तंतोतंत कापतो. घडीला किती वजा करायचं ते मात्र त्या पत्र्यावर, त्या डायवर, त्या मशीनवर ठरतं, आणि ते आकडे उस्तादांच्या एका तेलकट वहीत होते. ती वही आज माझ्याकडे आहे. वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या शेडमधल्या जुन्या माणसांना माझी विनंती आहे : निवृत्त होण्याआधी आपला घडीचा तक्ता लिहून पोरांच्या हाती द्या.