काटा सरकलेलं गेज

परवा बोईसरला बाबांकडे होतो. सकाळी खाटेवरून उठताच त्यांचा झोक गेला. भिंतीचा आधार मिळाला म्हणून बरं. डॉक्टरांनी आधी झोपवून आणि मग उभं करून रक्तदाब मोजला. झोपून १६०, उभ्याने १३०! बाबा वैतागले, "वाढतो म्हणून गोळी घेतो, मग उठल्यावर पडतो कसा? बंदच करतो गोळी."

बाबांनी तारापूर एमआयडीसीत आयुष्यभर बॉयलर सांभाळला. म्हटलं, त्यांना गेजच्याच भाषेत सांगावं.

आपल्या शरीरातही गेज आहेत. १८६६ मध्ये लुडविग आणि सायॉन यांना सशामध्ये एक चेतातंतू सापडला. तो उत्तेजित केला की दाब उतरायचा. पुढे १९२० च्या दशकात हेरिंग यांनी दाखवलं की मानेतली धमनी जिथे दुभंगते, तिथल्या फुगवट्यातही असंच गेज असतं. आपण उभे राहिलो की रक्त पायांकडे उतरतं. मग हे गेज मेंदूला कळवतं आणि क्षणात हृदयाची गती वाढते, रक्तवाहिन्या आवळतात.

गंमत म्हणजे हे गेज दाब मोजतच नाही, धमनीची भिंत किती ताणली गेली ते मोजतं. वय झालं की भिंत कडक होते, कमी ताणली जाते आणि निरोप क्षीण होतो. म्हणून झोपल्यावर दाब चढलेला राहतो आणि उठल्यावर वेळेत सावरत नाही. एकाच बिघाडाची ही दोन टोकं.

मग रक्तदाबाचं मूळ गेजमध्येच का? १९५६ मध्ये मॅककबिन, ग्रीन आणि पेज यांना दिसलं की दाब दीर्घकाळ चढलेल्या कुत्र्यांत गेज त्या चढलेल्या दाबालाच 'ठीक' समजू लागतं. १९७३ मध्ये काउली, लिआर्ड आणि गायटन यांनी कुत्र्यांच्या गेजच्या नसाच तोडल्या. दाब दिवसभर वरखाली हेलकावत राहिला, पण सरासरी फारशी वाढली नाही. म्हणजे गेजचं काम हेलकावे आवरण्याचं. दीर्घकाळच्या दाबात मूत्रपिंडाचा वाटा मोठा.

"वयाप्रमाणे दाब वाढायचाच" असं पूर्वी डॉक्टरही म्हणत. १९९१ च्या एका अमेरिकन चाचणीने साठीपुढच्यांतही वरचा दाब उतरवल्याने पक्षाघात घटतात हे दाखवलं. म्हणून डॉक्टरांनी बाबांची गोळी थांबवली नाही. प्रोस्टेटसाठी नवी सुरू झालेली गोळी तेवढी बदलली, आणि उठताना मिनिटभर खाटेच्या कडेला बसायला सांगितलं.

बाबा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "गेज बिघडलं म्हणून बॉयलर कोणी वाऱ्यावर सोडत नाही. लक्ष जास्त ठेवायचं."

असो. आता सकाळी फोन केला की मी आधी विचारतो, "बाबा, कडेला बसलात का?"