नाव आहे, पण व्याख्या आहे का?

एखादे नाव संगणकाला ठाऊक आहे का, हा प्रश्न मला हो-नाहीचा वाटत असे. कॉमन लिस्प शिकताना मी फंक्शनच्या आत एक व्हेरिएबल तयार केले, त्याला किंमत दिली आणि पुढच्याच ओळीत 'बाउंडपी' वापरून ते बांधलेले आहे का, असे विचारले. उत्तर नकारार्थी आले! चूक शोधण्यात माझी एक संध्याकाळ गेली. पण प्रोग्राम बरोबर होता, चुकला होता माझा प्रश्न. त्याचे मूळ मला लिस्पच्या इतिहासात सापडले.

जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये एमआयटीत लिस्पचे काम सुरू केले. १९६२ च्या 'लिस्प १.५' पुस्तिकेत प्रत्येक चिन्हाला गुणधर्मांची यादी जोडलेली आहे. कायमची किंमत 'एपीव्हॅल' या खुणेखाली, तर फंक्शन 'एक्सपीआर' किंवा 'सबआर'खाली. एका नावाची ही दोन खाती कॉमन लिस्पनेही ठेवली. म्हणून तिथे प्रश्नही दोन आहेत: किंमत आहे का, हे 'बाउंडपी' सांगते; फंक्शन आहे का, हे 'एफबाउंडपी'. शेवटचा 'पी' प्रेडिकेटचा, म्हणजे हो-नाही सांगणाऱ्या फंक्शनचा.

सस्मन आणि स्टील यांनी १९७५ मध्ये स्कीम रचली, तेव्हा दोन्ही खाती एक केली. शिवाय व्हेरिएबलचा अर्थ ते मजकुरात जिथे लिहिले असेल, त्या जागेवरून ठरवला. ही दुसरी कल्पना कॉमन लिस्पने स्वीकारली. माझे उत्तर इथेच होते. 'बाउंडपी' फक्त चिन्हाचे खाते उघडून पाहते; फंक्शनच्या आतले स्थानिक व्हेरिएबल त्या खात्यात नसतेच.

याहून गमतीची गोष्ट पुढे कळली. चिन्ह मुळात अस्तित्वात आहे का, हे विचारायला त्याचे नाव लिहिले, की वाचतावाचताच लिस्प ते चिन्ह नोंदवून टाकते. विचारणाराच साक्षीदार निर्माण करतो! म्हणून 'फाइंड-सिम्बॉल'ला नाव अवतरणातली अक्षरे म्हणून द्यावे लागते.

तेव्हापासून 'हे आहे का?' असे विचारण्याआधी मी 'कुठे आणि कोणत्या अर्थाने?' हे ठरवून घेतो. नोंद, किंमत आणि फंक्शन या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एक असली म्हणून दुसरी असेलच, असे नाही.