जुना खेळाडू आणि बुडता क्लब

एखादी जुनी संस्था मोडकळीस आली म्हणजे तिचे अभिमानी लोक प्रथम आठवणी काढतात, मग वर्गणी काढतात, आणि अखेर कोणी तारणहार येईल या आशेने वाटेकडे डोळे लावून बसतात. तारणहार आलाच, तर त्याने एका हंगामात सोन्याचे दिवस परत आणावेत, अशी त्यांची अपेक्षा असते. परंतु बुडत्या संस्थेस तारणे म्हणजे नेमके काय करणे? या प्रश्नाचे उत्तर इंग्लंडातील एका लहानशा फुटबॉल क्लबाच्या इतिहासात आम्हांस सापडले. ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटते.

मर्सी नदीच्या एका तीरावर लिव्हरपूल आहे आणि समोरच्या तीरावर बर्कनहेड. लिव्हरपुलास लिव्हरपूल आणि एव्हर्टन असे दोन जगद्विख्यात फुटबॉल क्लब आहेत. बर्कनहेडला आहे तो ट्रॅनमियर रोव्हर्स. जहाजे बांधणाऱ्या कामकरी लोकांच्या या गावात १८८४ साली तो स्थापन झाला, आणि १९१२ पासून प्रेंटन पार्क हे त्याचे मैदान आहे. नदीपलीकडच्या दोन बड्या शेजाऱ्यांच्या सावलीत त्याने आपला संसार कसा चालविला, हे एका गोष्टीवरून ध्यानात येईल. शनिवारी लोक नदी ओलांडून मोठे सामने पाहावयास जात, म्हणून ट्रॅनमियरने कित्येक वर्षे आपले घरचे सामने शुक्रवारी रात्री ठेवले. डिक्सी डीन हा पुढे एव्हर्टनकडून कीर्तीच्या शिखरावर गेलेला खेळाडू मूळ बर्कनहेडचा. तोही प्रथम ट्रॅनमियरकडून खेळला, आणि १९२५ मध्ये नदीपार गेला. लहान क्लबाने माणसे घडवावी आणि मोठ्याने ती न्यावी, असा हा रिवाज होता.

येथे इंग्लंडातील व्यवस्थेची थोडी फोड केली पाहिजे. तेथे 'फुटबॉल लीग' या संघटनेत असणे म्हणजे पंक्तीत पान मिळणे होय. ट्रॅनमियर १९२१ पासून त्या पंक्तीत होता. पूर्वी तळाच्या क्लबांस बाकीचे सभासद मतदानाने बहुधा पुन्हा निवडून घेत, त्यामुळे बसलेल्यास सहसा कोणी उठवीत नसे. १९८७ पासून मात्र नियम बदलला. लीगमध्ये शेवटचा येईल त्याने आपोआप बाहेर जावे आणि बाहेरच्यांतील पहिल्याने आत यावे, असे ठरले. दार उघडले, ते दोन्ही दिशांनी.

आणि योग असा की, त्या पहिल्याच वर्षी ट्रॅनमियर दाराशी येऊन ठेपला. १९८०च्या दशकात क्लबाची सांपत्तिक स्थिती अगदी हलाखीची झाली होती. स्थानिक नगरसत्तेच्या कर्जाने काही काळ निभावले. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वकिलाने क्लब विकत घेतला, पण त्याच्याही हातून गाडी रुळावर आली नाही. मे १९८७ मध्ये एक्झेटरशी झालेला सामना १–० असा जिंकल्यामुळे क्लबाची जागा वाचली. त्याच वर्षी पीटर जॉन्सन या धनिक व्यापाऱ्याने क्लब हाती घेतला, आणि जॉनी किंग या जुन्या खेळाडूस व्यवस्थापक म्हणून परत आणले. या जोडीने जे केले त्याची आठवण बर्कनहेड अजून काढते. १९८९ आणि १९९१ अशा दोन श्रेणी चढून क्लब दुसऱ्या श्रेणीत आला. १९९३, १९९४ आणि १९९५ अशी लागोपाठ तीन वर्षे तो सर्वोच्च श्रेणीच्या उंबरठ्यावरून परत फिरला, आणि २००० मध्ये लीग चषकाच्या अंतिम सामन्यात लेस्टरकडून २–१ असा हरला.

वैभवाचा हा काळ आम्ही मुद्दाम सांगितला, कारण पुढच्या दुःखाचे बीज अशाच काळात पेरले जाते. वरच्या श्रेणीत टिकावयाचे तर चांगले खेळाडू हवेत आणि चांगल्या खेळाडूंस वेतन द्यावे लागते. वेतन वाढते आज, उत्पन्न वाढावयाचे असते उद्या. मधली तूट कोणा एका धनिकाच्या खिशातून भरली जाते. त्याचा हात किंवा मन आखडले की तूट तेवढी उरते. १९९४ मध्ये जॉन्सन यांचे लक्ष एव्हर्टनकडे वळले. २००१ मध्ये क्लब दुसऱ्या श्रेणीतून घसरला आणि २०१४ मध्ये चौथ्या श्रेणीत येऊन पोहोचला.

या सुमारास मार्क पॅलिऑस रंगभूमीवर येतात. त्यांचा जन्म बर्कनहेडचाच, १९५२चा. १९७०च्या दशकात ते ट्रॅनमियरकडून मध्यफळीत खेळले, काही काळ क्रू येथे जाऊन पुन्हा परतले आणि १९८५ पर्यंत खेळत राहिले. विशेष हा की, खेळत असतानाच त्यांनी हिशेबतपासनिसाची परीक्षा दिली. सकाळी सराव आणि दुपारी खतावणी असा हा दुहेरी व्यवसाय होता. पायातले बूट उतरल्यावर त्यांनी हिशेबाच्या मोठ्या पेढीत अडचणीत आलेल्या कंपन्या सावरण्याचे काम केले, आणि २००३–०४ मध्ये ते इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनचे मुख्य अधिकारी होते. ऑगस्ट २०१४ मध्ये त्यांनी व त्यांच्या पत्नी निकोला यांनी जॉन्सन यांच्याकडून क्लबाची सत्ता घेतली.

कादंबरीत येथून पुढे विजयाचे प्रकरण सुरू झाले असते. प्रत्यक्षात झाले ते उलटेच. पहिल्याच हंगामात, एप्रिल २०१५ मध्ये, ट्रॅनमियर लीगमधून बाहेर पडला. १९८७ मध्ये जे एका गोलाने टळले होते, ते घडले. ९४ वर्षांचे पान उठले, आणि तेही घरच्या माणसाच्या हातून! गावात त्या रात्री काय बोलले गेले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

येथेच आमच्या प्रश्नाचे पहिले उत्तर मिळते. अशा प्रसंगी दोन मार्ग मोहात पाडतात. एक, कर्ज काढून नामांकित खेळाडू आणावेत आणि एका वर्षात परत जाण्याचा डाव टाकावा. दुसरा, हात झटकून निघून जावे. पॅलिऑस राहिले, आणि त्यांनी संथ मार्ग धरला. क्लबाचे उत्पन्न केवळ सामन्याच्या दिवसावर अवलंबून राहू नये, मैदानाच्या इमारतीचा उपयोग आठवडाभर व्हावा, हे त्यांचे धोरण. २०१८ पासून लिव्हरपूलच्या स्त्रियांचा संघ काही वर्षे याच मैदानावर खेळला. ज्या शेजाऱ्यांनी आजवर प्रेक्षक ओढून नेले, त्यांपैकी एक आता भाडेकरू म्हणून दाराशी आला.

लीगबाहेरचा वनवास तीन वर्षांचा झाला. त्या श्रेणीत पहिला येणारा थेट वर जातो. दुसरी एकच जागा असते, आणि तिच्यासाठी खालच्या क्रमांकांच्या संघांत बाद फेरी होते. २०१६–१७ मध्ये ट्रॅनमियरने ९५ गुण मिळविले, पण लिंकनचे ९९ झाले. अंतिम सामन्यात फॉरेस्ट ग्रीनने ट्रॅनमियरला ३–१ असे हरविले. अशा पराभवाने कोणाचाही धीर खचावा. परंतु मैदानावर सरासरी सुमारे पाच हजार माणसे येतच होती, आणि क्लबाने व्यवस्थापक बदलला नाही. हे व्यवस्थापक, मिकी मेलन, तेही ट्रॅनमियरचे जुने खेळाडूच.

मे २०१८ मध्ये वेम्ब्लीवर पुन्हा अंतिम सामना आला. प्रतिपक्षी बोरहॅम वुड. पहिल्याच मिनिटास ट्रॅनमियरच्या एका खेळाडूस पंचांनी मैदानाबाहेर काढले, आणि उरलेला सारा सामना दहा गड्यांनी खेळावा लागला. तरी पहिला गोल ट्रॅनमियरनेच केला. प्रतिपक्षाने बरोबरी साधली, आणि शेवटची दहा मिनिटे राहिली असता जेम्स नॉरवुडच्या गोलाने २–१ असा निकाल लागला. पान परत मांडले गेले. पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, त्याच मैदानावर न्यूपोर्टला जादा वेळेच्या अगदी अखेरीस १–० असे हरवून क्लब तिसऱ्या श्रेणीत चढला.

येथे पडदा पाडता आला असता, पण इतिहास तसा कृपाळू नसतो. २०२० मध्ये साथीमुळे हंगाम अर्धवट थांबला. ट्रॅनमियर धोक्याच्या रेषेच्या जेमतेम खाली होता, आणि त्याने शेवटचे तीन सामने ओळीने जिंकले होते. उरलेले सामने न खेळविता, आजवरच्या गुणांची सरासरी काढून क्रम ठरवावा, असे क्लबांनी बहुमताने ठरविले. पॅलिऑस यांनी आकडेमोड करून वेगळी योजना सुचविली. ती मान्य झाली नाही. आयुष्यभर हिशेबाने जगलेल्या माणसाचा क्लब एका सरासरीने खाली गेला! मात्र २०१५ नंतर जे झाले तेच आताही झाले. क्लब खाली गेला, पण मोडला नाही. मैदान खुलताच त्याचे सामने पुन्हा सुरू झाले.

तारणे या शब्दाचा आम्हांस उमगलेला अर्थ हाच. जॉन्सन आणि किंग यांनी क्लबास उंच नेले, आणि त्याबद्दल बर्कनहेड त्यांचे ऋणी आहे. परंतु उंच नेणे वेगळे आणि पडल्यावर मोडू न देणे वेगळे. जुना खेळाडू परत येतो तेव्हा त्याच्याकडून आपण गोलांची अपेक्षा करतो. गोल घालण्याचे त्याचे वय सरलेले असते. तो आणू शकतो ते एवढेच : हरलेल्या सामन्यानंतरही दुसऱ्या दिवशी सरावास यावयाचे असते, ही मैदानावर अंगी बाणलेली सवय. हिशेबाच्या वहीपुढे बसतानाही पॅलिऑस यांनी ती सोडली नाही. ज्या संस्थेस असा एखादा माणूस लाभेल, तिने आपल्या दैवाबद्दल फार तक्रार करू नये.