वागाशी

वागाशी : जपानची पारंपरिक मिठाई. आझुकी हे बारीक लाल कडधान्य शिजवून, साखर घालून आटवलेले पुरण (आन), तांदळाची पिठी आणि समुद्रशेवाळापासून केलेले कांतेन (आपल्याकडील चायना ग्रासच) हे तिचे मुख्य घटक. ऋतूगणिक बदलणारी मिठाई अशी तिची ख्याती आहे. मात्र हा ऋतू शेतातल्या हंगामापेक्षा दिनदर्शिका, चहाविधी आणि पदार्थ टिकवण्याच्या सोयी यांनी अधिक ठरवला आहे. मिठाईचे मुख्य घटक वाळवणीचे असल्याने बाराही महिने मिळतात. क्योतोत ३० जूनला खातात ती मिनाझुकी म्हणजे वाफवलेल्या पिठाची त्रिकोणी वडी. तिचा आकार बर्फाच्या तुकड्याचा मानतात आणि वरचा आझुकीचा थर अरिष्ट टाळतो, अशी समजूत आहे. वसंतातल्या साकुरामोचीभोवतीचे चेरीचे पान आदल्या वर्षी खुडून मिठात मुरवलेले असते, आणि त्याचा खास सुगंध मुरल्यावरच सुटतो. १८७३ मध्ये ग्रेगरियन दिनदर्शिका लागू झाल्यावर पीचच्या फुलांचा सण ३ मार्चला, म्हणजे बहुतेक भागांत ती फुले उमलण्याआधीच येऊ लागला. तरी गुलाबी, पांढऱ्या, हिरव्या थरांची हिशीमोची तारखेलाच चिकटून राहिली.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला, काही मिठाया खरोखरच पिकावर अवलंबून असतात. गिफू प्रांतातल्या नाकात्सुगावाचे कुरीकिंतोन हे त्याचे उदाहरण : नवे चेस्टनट उकडून, गर साखरेत आटवून, फडक्यात पिळून त्याला आकार देतात. येथे हंगामच निर्णायक आहे, हे मान्य करावे लागते. पण वर्षभराचे मिठायांचे चक्र अशा पदार्थांवर उभे नाही. दुसरा आक्षेप असा की, उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात गरम ही शरीराचीच मागणी आहे. आझुकीचे गरम, गोड शिरुको थंडीत हवेसे वाटते, हे खरेच. परंतु देशात इतरत्र उन्हाळ्यात खाल्ले जाणारे मिझुयोकान हे गार, थलथलीत वडीसारखे पक्वान्न फुकुई प्रांतात ऐन थंडीत, कोतात्सूत, म्हणजे रजईने झाकलेल्या, खालून उबवलेल्या बुटक्या मेजाखाली पाय घालून खातात. त्यात पाणी जास्त व साखर कमी असल्याने ते लवकर खराब होते. फ्रिज नव्हता तेव्हा थंडीच त्याला मानवत असे. फ्रिज घरोघरी आला तरी फुकुईने रिवाज सोडला नाही. एकच पदार्थ दोन ठिकाणी दोन ऋतूंचा ठरतो, याचा अर्थ वागाशीतला ऋतू निसर्गातून जसाच्या तसा येत नाही. समाज तो ठरवतो आणि कारण सरल्यावरही पाळतो.