निरांजन: पागेतून देवघरात

निरांजन म्हणजे तुपाच्या फुलवातीचा बुटका दिवा. खाली बैठक, वर छोटी वाटी आणि वाटीत मधोमध उभी राहणारी एक वात. चांदीचे असो, पितळेचे असो किंवा घाईच्या वेळी कणकेचे केलेले असो, देवाची पूजा आणि माणसाचे औक्षण या दोन्ही गोष्टी त्याच्यावाचून अडतात. पण हा शब्द मुळात कोणत्याही भांड्याचे नाव नव्हता. ते एका विधीचे नाव होते, आणि तो विधी देवळात नव्हे, घोड्यांच्या पागेत होत असे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाची कामे सांगताना ‘नीराजना’ येते. आश्विनातल्या नवव्या दिवशी घोड्यांची नीराजना करावी. स्वारीला निघताना, स्वारीहून परतल्यावर आणि रोगराई पसरली असतानाही करावी, असे तिथे सांगितले आहे. हत्तींसाठी ती वर्षातून तीनदा, चातुर्मास्यांच्या ऋतुसंधींना करायची. कालिदासाने रघुवंशाच्या चौथ्या सर्गात रघूच्या दिग्विजयाची सुरुवात याच विधीने केली आहे. घोड्यांच्या नीराजनेच्या वेळी होमाच्या ज्वाळा उजवीकडे वळल्या, जणू अग्नीने हात पुढे करून विजय दिला, अशी कल्पना तो करतो. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत या विधीला स्वतंत्र अध्याय दिला. तोरण उभारायचे, घोड्यांना शांतिगृहात ठेवून त्यांच्यासाठी शांतिकर्म करायचे, आणि शेवटी पुरोहिताने मातीच्या शत्रूची छाती शूलाने फोडायची. पावसाळा संपून वाटा मोकळ्या झाल्या की सैन्य बाहेर पडे. त्याआधी जनावरांवरचे आणि शस्त्रांवरचे अरिष्ट उतरवून टाकण्याचा हा सोहळा होता. महाराष्ट्रात आश्विन शुद्ध नवमीला खंडेनवमी म्हणतात आणि त्या दिवशी शस्त्रे पुजतात. अर्थशास्त्रातली नवमी आणि ही नवमी यांचे नाते उघड आहे.

शब्दाच्या व्युत्पत्तीबद्दल जुन्या कोशकारांत एकमत नाही. ‘राज्’ म्हणजे झळकणे. त्यावरून उजळवणे, असा एक अर्थ लावतात. ‘नीर’ म्हणजे पाणी आणि ‘अजन’ म्हणजे टाकणे, म्हणून शांतीचे पाणी शिंपडणे, असा दुसरा. मराठीने मात्र दोन्ही बाजूला ठेवून स्वतःची वाट काढली. ‘नीराजन’ या शब्दात मराठी जिभेने अनुस्वार घातला आणि त्याचे ‘निरांजन’ झाले. शेजारी ‘निरंजन’ हा शब्द होताच. अंजन म्हणजे काजळ. ज्याला काजळाचा डाग नाही तो निरंजन, म्हणजे परब्रह्म. तुपाचा दिवा तेलाच्या दिव्याइतकी काजळी धरत नाही, त्यामुळे हा अर्थ भांड्यालाही शोभला. व्याकरणाच्या दृष्टीने ही चूकच आहे, पण इतकी अर्थपूर्ण चूक भाषेला क्वचितच साधते.

देवापुढे दिवा लावण्याची रीत यज्ञातून थेट आलेली नाही. वैदिक कर्मात अग्नी हाच देवांचे मुख होता. तूप त्याच्यात पडे आणि आहुती वर जाई. मूर्तीची पूजा रूढ झाली तेव्हा देव समोर येऊन बसला, आणि आलेल्या पाहुण्याचे जे करायचे ते त्याचे होऊ लागले: आसन, पाय धुवायला पाणी, स्नान, वस्त्र, गंध, फूल, धूप, दीप, जेवण. सोळा उपचारांत आणि त्यांच्या आटोपशीर पाच उपचारांतही दीप धुपानंतर आणि नैवेद्याआधी येतो. हा दिवा उजेडाचा आहे. पाहुण्याला अंधारात जेवू घालत नाहीत. मध्ययुगीन दानलेखांत याच दिव्याची सोय कायमची लावून दिलेली दिसते. तमिळ देशातल्या चोळांच्या काळच्या शिलालेखांत एका नंदादीपाला लागणाऱ्या तुपासाठी ९६ मेंढ्या देण्याचा प्रघात वारंवार आढळतो. कळपात भर पडत राहणार आणि संख्या कधी घटणार नाही असे धरून त्या मेंढ्यांना ‘न मरणाऱ्या, न म्हाताऱ्या होणाऱ्या’ म्हटले आहे. आजच्या भाषेत ही मुदत ठेवच होती. फक्त मुद्दल चरायला जात असे.

पण बहुतेक पूजांत दिवा दोनदा येतो. नैवेद्यानंतर पुन्हा एकदा तो पेटतो आणि या वेळी ओवाळला जातो. हा दुसरा दिवा पाहुणचाराचा नव्हे, नीराजनाचा. त्याचे मधले ठाणे राजवाड्यात सापडते. अथर्ववेदाच्या परिशिष्टांत ‘आरात्रिक’ नावाचे एक प्रकरण आहे. रात्री पुरोहिताने राजावरून दिवा ओवाळावा, असा तो विधी. दिवसभर शेकडो नजरा राजावर पडलेल्या असत. झोपण्यापूर्वी त्या उतरवायच्या. ‘रात्री’वरून आरात्रिक आणि आरात्रिकावरून आरती. देवळातला देव राजासारखा उठू-निजू लागला, त्याला छत्र, चामर, पालखी मिळाली, तेव्हा राजावरून उतरणारा दिवा त्याच्यावरूनही उतरू लागला. पंढरपूरची पहाटेची काकडआरती आणि रात्रीची शेजारती पाहिली की राजाचा दिनक्रम ओळखू येतो. काकडा म्हणजे कापडाचा पीळ देऊन केलेली जाड वात. एका वातीचे ओवाळायचे भांडे ती एकारती, पाचांचे ती पंचारती. म्हणजे इथेही विधीचे नाव भांड्याला चिकटले.

नजर उतरवण्याची ही क्रिया देवाला कशासाठी, हा प्रश्न अवघड होता. देवाला कोणाची नजर लागणार? या अडचणीतूनच दिव्याचा आध्यात्मिक अर्थ वाढलेला दिसतो. सामग्री उपनिषदांत तयार होती. बृहदारण्यकात अंधारातून प्रकाशाकडे नेण्याची प्रार्थना आहे. सूर्य-चंद्रही ज्याच्या तेजाने तेजस्वी होतात त्या तत्त्वाचे वर्णन कठ आणि मुंडक उपनिषदांत आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात वारा नसलेल्या जागी न हलणारी ज्योत ही स्थिर चित्ताची उपमा म्हणून येते. त्या प्रकाशात पाहिले की आरती देवाला उजळवत नाही. ओवाळणाऱ्याला देव दाखवते. आरतीनंतर ज्योतीवर तळवे धरून ते डोळ्यांना लावतात, त्यात मूळ अर्थ पुरता उलटला आहे. राजवाड्यातला दिवा नजर उतरवून घेई. देवळातला दिवा कृपा वाटतो, म्हणून त्याच्याकडे हात पुढे करायचे.

पूजेच्या आरंभी होणारी दीपपूजा याहून साधी आणि कदाचित अधिक खोल आहे. समईला गंध-फूल वाहून तिला ब्रह्मरूप म्हणतात, कर्माची साक्षीदार म्हणतात आणि कार्य संपेपर्यंत इथेच राहा अशी विनंती करतात. साक्षीदार म्हणजे पाहणारा, मध्ये न पडणारा. म्हणून पूजा चालू असताना समई मालवू देत नाहीत, आणि नंतरही फुंकर मारत नाहीत. फुलाने वात शांत करतात.

समई हा शब्द मात्र संस्कृत नव्हे. तो ‘शमा’ या अरबी-फारसी शब्दाशी जोडतात. मेणबत्तीची भाषा तेलवातीला मिळाली आणि कोणाच्याही सोवळ्याला धक्का लागला नाही. तेल शब्दाचे कूळ ‘तिळा’त आहे, आणि देवाच्या तेलाच्या दिव्याला तिळाचे तेल श्रेष्ठ मानतात. रूढी अशी की तुपाचा दिवा देवाच्या उजव्या हाताला, तेलाचा डाव्या. कोकण-गोव्यात खोबरेल चालते. रॉकेल घरोघर कंदिलात आणि स्टोव्हमध्ये शिरले, पण देवघराचा उंबरठा त्याला ओलांडता आला नाही.

वर्षातून एकदा दिव्याचीच पूजा होते. आषाढी अमावास्येला, म्हणजे दिव्यांच्या अवसेला, घरातले सगळे दिवे चिंच लावून लख्ख घासतात, पाटावर मांडतात आणि कणकेच्या गोड दिव्यांचा नैवेद्य दाखवतात.

मूळ विधीचा अर्थ देवळाने बदलला, घराने बदलला नाही. औक्षण देवाचे नसते, माणसाचे असते. औक्ष म्हणजे आयुष्य. ताम्हनात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी आणि सोन्याची अंगठी घेऊन बहीण भाऊबिजेला भावाला ओवाळते, सासू दारात जावयाला ओवाळते, परीक्षेला किंवा परगावी निघालेल्या मुलाला आई ओवाळते. प्रवासाला निघताना आणि परतल्यावर, हे कौटिल्याने घोड्यांसाठी सांगितलेले प्रसंग जसेच्या तसे टिकले आहेत. कडुलिंब आणि मीठ ओवाळून टाकण्याचे लिंबलोणही त्याच घराण्यातले.

जनावरेही सुटलेली नाहीत. पोळ्याला मिरवून आलेल्या बैलांना दाराशी ओवाळतात. त्यासाठी वेगळे निरांजन नसते, देवघरातलेच असते.