ग्रँट डफच्या तळटिपा आणि हरवलेली बाडे

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि जेम्स ग्रँट डफ हा स्कॉटिश लष्करी अधिकारी साताऱ्याचा कारभार पाहू लागला. तेथील चार वर्षांत त्याने बखरी व जुने कागद मिळवून त्यांच्या नकला करविल्या. १८२६ मध्ये त्याचा मराठ्यांचा इतिहास लंडनला तीन खंडांत प्रसिद्ध झाला.

डफने अनेक बखरींतील मजकूर स्वतःच्या इंग्रजीत, स्वतःच्या क्रमाने मांडला. आधार मात्र लपविला नाही. बखरकार आपली माहिती कोठून आली हे सहसा सांगत नसे; डफने पानोपानी तळटिपा दिल्या. हे श्रेय त्याला द्यायलाच हवे.

अडचण तळटिपांच्या स्वरूपात होती. पुष्कळ ठिकाणी तेथे केवळ 'मराठी हस्तलिखिते' एवढेच आढळते. कोणते हस्तलिखित, त्यातील कोणता भाग, याचा उलगडा होत नाही. त्यावर एक तोड होती: आपण वापरलेल्या बाडांच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटीकडे ठेवल्या आहेत, असे डफने नमूद केले होते. शंका असलेल्याने तेथे जाऊन ताडून पाहावे.

१८६७ च्या सुमारास नीळकंठ जनार्दन कीर्तने या डेक्कन कॉलेजच्या विद्यार्थ्याने पुण्यात निबंध वाचून डफच्या ग्रंथावर टीका केली. एका विद्यार्थ्याने प्रमाण मानल्या गेलेल्या ग्रंथास हात घालावा, हे धाडसच. परंतु डफने बखरीतील आशय नेमका उतरविला की त्यास आपले वळण दिले, हे ठरविण्यास त्याच्यासमोरचीच प्रत हवी होती. पुढे काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी त्या नकलांचा शोध घेतला. त्या मिळाल्या नाहीत. बाडे जाळली गेल्याची वदंताही पसरली होती. तिला पुरावा नव्हता, पण ती खोडून काढण्यासाठी दाखवायला बाडेही नव्हती! प्रामाणिकपणे दिलेल्या तळटिपा अशा रीतीने रिकाम्या फडताळाकडे बोट दाखवीत राहिल्या.

विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी निराळा मार्ग धरला. १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला. त्यात १७५० ते १७६१ या काळातील, म्हणजे पानिपतापर्यंतची पत्रेच छापलेली होती. सोबत राजवाड्यांची दीर्घ प्रस्तावना होती, आणि तिच्यातील मते पुष्कळदा टोकाची होती. ती पटली नाहीत, तर वाचकाला पाने उलटून मूळ पत्र वाचता येत होते.